आठवण आहे, फाइल उघडत नाही

३० सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेत एक आवाज कायमचा बंद झाला. एओएल कंपनीने आपली डायल-अप इंटरनेट सेवा त्या दिवशी थांबवली. टेलिफोनच्या वायरमधून येणारं, जोडताना टिर्रर्र-घूंऽऽ-खर्रर्र करत कान किटवणारं ते नेट तिथे १९९१ पासून सुरू होतं. आणि विश्वास बसणार नाही, पण तिथल्या जनगणना खात्याच्या अंदाजानुसार २०२३ मध्येही अमेरिकेतली दीड लाखाहून जास्त घरं फक्त डायल-अपवर होती. बातमी आल्यावर रील्सची लाट आली. तो आवाज, खाली जुना जाडजूड मॉनिटर, विंडोज एक्सपीची हिरवी टेकडी आणि वर एखादं नव्वदच्या दशकातलं गाणं.

एक योगायोग बघा. बरोबर अकरा वर्षांपूर्वी, ३० सप्टेंबर २०१४ ला, गूगलने ऑर्कुट बंद केलं होतं. त्यामुळे ऑर्कुटचे रील्सही त्याच आठवड्यात फिरत होते.

या रील्सखालच्या कमेंट्स वाचल्या तर गंमत कळते. ‘काय दिवस होते यार’, ‘परत न्या मला तिकडे’ असं लिहिणाऱ्यांत आपल्या वयाची मुलं-मुली भरपूर. अरे, पण परत कुठे? माझ्या बॅचमधल्या बहुतेकांचा जन्म २००३-०४ चा. ऑर्कुट सुरू झालं जानेवारी २००४ मध्ये, तेव्हा आम्ही पाळण्यात होतो. बंद झालं तेव्हा पाचवी-सहावीत. डायल-अपचा आवाज तर आमच्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकला तो यूट्यूबवर. म्हणजे जे आपण जगलोच नाही त्याची आपल्याला आठवण येतेय.

याची चेष्टा करणं सोपं आहे. घरातले मोठे करतातच. मला मात्र त्यात एक खरी तक्रार दिसते, फक्त ती चुकीच्या पत्त्यावर चाललीये. आपण आवाज आणि वॉलपेपर मिस करतोय. पण ते कुठेही गेलेलं नाही, एका सर्चवर हजार ठिकाणी मिळतं. जे खरंच गेलंय ते वेगळंच आहे. त्या काळात साध्यासुध्या लोकांनी तिथे जे लिहिलं, टाकलं, एकमेकांना म्हटलं ते गेलंय. आणि मराठीत ते जरा जास्तच गेलंय.

चपला बाहेर काढून या

आधी आपल्या वाट्याला नेमकं काय आलं ते बघू. मी बार्शीची. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात वाढलेल्यांचं ‘जुनं नेट’ म्हणजे शाळेची कॉम्प्युटर लॅब. बाहेर चपलांचा ढीग, आत फरशी गार, आणि प्रत्येक मशीनवर शिवून घेतलेलं कापडी कव्हर. ते काढून नीट घडी घालायची हा तासाचा पहिला भाग. एका कॉम्प्युटरवर तिघं. माउस ज्याच्या हातात तो राजा. पेंटमध्ये झोपडी, सूर्य, दोन डोंगर काढायचे आणि मग स्प्रेने सगळ्याचा सत्यानाश करायचा. काहीही अडलं की राइट क्लिक, रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश. त्याने काय होतं हे तेव्हाही कुणाला माहीत नव्हतं, आजही नाही, पण हात आपोआप जातो. इंटरनेट त्या लॅबमध्ये ‘आहे’ असं सांगितलं जायचं. दिसलं कधी नाही.

ती हिरवी टेकडी, बाय द वे, खरी आहे. चार्ल्स ओरिअर नावाच्या फोटोग्राफरने १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात रस्त्याने जाता जाता तो फोटो काढला होता. मी कॉलेजात येईपर्यंत तो कॉम्प्युटरवर बनवलेला आहे अशीच माझी समजूत होती.

आपल्या आधीच्या पिढीसाठी महाराष्ट्रात कॉम्प्युटरचं दार उघडलं ते एमएस-सीआयटीने. २००१ मध्ये हा कोर्स सुरू झाला आणि सरकारी नोकरीसाठी तो लागायला लागल्यावर गल्लोगल्ली त्याच्या पाट्या लागल्या. माझ्या आत्याने चाळिशीत तो केला. मुलं शाळेत गेली की ही क्लासला. आमच्या खानदानात ईमेल आयडी असलेली पहिली बाई तीच. सर्टिफिकेट अजून हॉलमध्ये, लग्नाच्या फोटोच्या शेजारी आहे. रील्समध्ये या बायका कुठे दिसत नाहीत. तिथे नॉस्टॅल्जिया म्हणजे गेम खेळणारा मुलगा.

आणि सायबर कॅफे. आपल्याला तो लागला स्कॉलरशिपच्या फॉर्मला आणि दहावीच्या निकालाला. दुपारी एकला निकाल, साडेबारापासून कॅफेत गर्दी, एक वाजून एक मिनिटाला साइट हँग. कॅफेवाला काका सगळ्यांचे सीट नंबर एका वहीत लिहून घ्यायचा आणि आतून ओरडून टक्के सांगायचा. सगळ्या गावासमोर. प्रायव्हसी हा शब्द तेव्हा आमच्याकडे पोचला नव्हता. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, नेट खिशात आलं आणि काकांच्या दुकानात झेरॉक्स आणि आधारची कामं तेवढी उरली.

सोनेरी होतं, पण कुणासाठी?

नॉस्टॅल्जियात एक गोष्ट हमखास गाळली जाते, ती म्हणजे बिल. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं विदेश संचार निगमने, १५ ऑगस्ट १९९५ ला, मुंबई-दिल्लीसारख्या मोजक्या महानगरांत. चित्रांसकट दिसणारं नेट घरी हवं असेल तर २५० तासांचे १५ हजार रुपये. १९९५ चे १५ हजार! म्हणजे तासाला ६० रुपये, आणि फोनचं बिल वेगळं, कारण नेट सुरू असेपर्यंत फोन लागलेलाच. विद्यार्थ्यांसाठी स्वस्त खातं होतं, पण त्यात नुसती अक्षरं दिसायची.

वेगाचं सांगायचं तर सुरुवातीला तो ९.६ केबीपीएस होता. आज आपण फॅमिली ग्रुपवर टाकतो तसा एखादा ३ एमबीचा फोटो त्या वेगाने पाठवायचा तर कागदावरच्या हिशेबाने ४० मिनिटांहून जास्त लागतील, तेही मध्ये कुणी फोन उचलला नाही तर. पुढे ५६ केबीपीएसचे मोडेम आले तेव्हा लोकांना विमानात बसल्यासारखं वाटलं असणार. त्याच फोटोला साताठ मिनिटं. नेट नको, सरळ घेऊन जाऊ म्हटलं तरी फ्लॉपीची जागा १.४४ एमबी, म्हणजे एका फोटोला तीन फ्लॉप्या लागल्या असत्या.

म्हणजे ज्या ‘साध्या, सुंदर, निवांत’ इंटरनेटची आपण आठवण काढतो ते निवांत होतं, कारण तिथे फार कुणी नव्हतंच. ज्याच्याकडे पैसा, फोनची लाइन आणि इंग्रजी होतं तो तिथे होता. कॅफेचंही तसंच. मुलांच्या आठवणीतला कॅफे म्हणजे मज्जा. मुलींना विचारा. फळ्या लावून केलेल्या त्या केबिन्स, पाठीमागून कोण बघतंय याची धाकधूक, आणि घरी ‘कॅफेत गेले होते’ सांगायची सोय नाही. २०११ मध्ये केंद्राने सायबर कॅफेसाठी नियम काढले, त्यात ओळखपत्र आलं, नोंदवही आली, केबिनची उंची साडेचार फुटांच्या वर नको हेही आलं. त्याआधी तिथे काय काय चालायचं याचा अंदाज त्या साडेचार फुटांवरून येतो.

आणि तेव्हाचं सोशल मीडिया निरागस होतं, हे तर अजिबातच खरं नाही. ऑगस्ट २००७ मध्ये पुणे पोलिसांनी बंगळुरूतून एका आयटी इंजिनिअरला उचललं. ऑर्कुटवर शिवाजी महाराजांबद्दल बदनामीकारक मजकूर टाकल्याचा आरोप होता. तो मुलगा ५० दिवस तुरुंगात राहिला. नंतर कळलं की तो आयपी अ‍ॅड्रेस त्याचा नव्हताच, इंटरनेट कंपनीने पोलिसांना दिलेली माहितीच चुकीची होती. त्याच सुमाराला ऑर्कुटवरच्या मजकुरावरून राज्यात सायबर कॅफेंची तोडफोडही झाली. ट्रोलिंग, भावना दुखावणं, चुकीच्या माणसाला धरणं, हे सगळं आपल्या पिढीचं नाही. ते ऑर्कुटच्या निळ्या-गुलाबी पानांवरच सुरू झालं होतं.

मग आपण मिस काय करतोय? मला वाटतं, उत्तर एका क्रियापदात आहे. तेव्हा लोक नेटवर ‘बसायचे’. म्हणजे त्यातून उठायचेही. तासाचे वीस रुपये संपले की काका हाक मारायचा, घरी आईला फोन करायचा असायचा, मशीन बंद व्हायचं. ऑर्कुटवर कुणी स्क्रॅप टाकला की वाचायचा, उत्तर द्यायचं, संपलं. पुढे काय बघायचं हे ठरवणारं कुणी पाठीमागे बसलेलं नव्हतं. आज आपण नेटवर बसत नाही, असतोच. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला ‘लॉगआउट’ हे बटण शेवटचं कधी दाबलं विचारा, आठवायचं नाही. ज्याला शेवट आहे अशा नेटची ओढ वाटणं मला अगदी समजतं. जुने डिजिकॅम, साधे फोन यांचं जे फॅड आहे त्याच्या मुळाशीही तेच असावं. पण ती ओढ ‘रेट्रो’ टी-शर्ट आणि फिल्टर विकत घेऊन भागवली जातेय, आणि तोपर्यंत मागे खरं सामान जळतंय.

डब्बे, चौकोन आणि प्रश्नचिन्हं

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपेजेसपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. दहातली जवळपास चार. ही पानं काही आपोआप झिजली नाहीत. बऱ्याचदा कुणीतरी सर्व्हर बंद केलेला असतो, कारण त्यात पैसा उरलेला नसतो. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज बंद केलं, तिथे सामान्य लोकांनी हाताने बनवलेली लाखो पानं होती. मायस्पेसने २०१९ मध्ये सांगितलं की सर्व्हर हलवताना २०१५ पर्यंतची गाणी गेली, सॉरी. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये पूर्ण बंद. आता याहू ग्रुप्स हे नाव आपल्यातल्या अनेकांनी ऐकलंही नसेल. पण व्हॉट्सअ‍ॅपच्या आधी ट्रेकर्स, कविता करणारे, परदेशातली महाराष्ट्र मंडळं, सगळ्यांचा अड्डा तिथे होता. ट्रेकचे वृत्तांत, दिवाळी फराळाच्या ऑर्डरी, भांडणं, सगळं त्या ईमेल्समध्ये. ज्याने स्वतःच्या मेलबॉक्समध्ये जपलं त्याचं राहिलं.

मराठीचं दुखणं याहून एक पायरी पुढचं आहे. आपल्याकडे पान उघडलं तरी वाचता येत नाही.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. इंग्रजी कॅपिटल ‘ए’ म्हणजे ६५, हे जगभर ठरलेलं. मराठीसाठी असं काही सर्वमान्य रुळण्याआधी आपल्याकडे श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, किरण असे भरपूर फॉन्ट आले. त्यांनी जुगाड असा केला की इंग्रजी अक्षराच्या आकड्यावर मराठी अक्षराचं चित्र बसवलं. कॉम्प्युटरला वाटायचं आपण इंग्रजी अक्षर दाखवतोय, आपल्याला दिसायचा ‘क’. जुगाड भारी होता, त्याच्यावरच महाराष्ट्रातली डीटीपीची दुकानं, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, वर्तमानपत्रं चालली. अडचण एवढीच की प्रत्येक कंपनीचं चित्र वेगळ्या आकड्यावर. एकाची फाइल दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उघडली की कचरा. म्हणूनच जुन्या मराठी साइट्सवर सगळ्यात आधी ‘फॉन्ट डाउनलोड करा’ अशी पाटी असायची.

यावर औषध होतं युनिकोड. त्यात ‘क’चा आकडा २३२५, कुठल्याही फोनवर, कुठल्याही फॉन्टमध्ये. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण घराघरातल्या कॉम्प्युटरवर ते नीट चालायला नवं शतक उजाडावं लागलं, आणि ऑफिसांतून जुने फॉन्ट जायला त्याहून जास्त वर्षं लागली. सरकारी टेबलांवर ते अजूनही भेटतात. मधल्या दहा-पंधरा वर्षांत जे मराठी लिहिलं गेलं त्याचा मोठा भाग त्या जुन्या आकड्यांत अडकून पडलाय. तो सर्चमध्ये सापडत नाही, कारण सर्चच्या लेखी ते मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी आहे. ‘दुष्काळ’ शोधलं तर त्यातलं ‘दुष्काळ’ मिळणार नाही.

मी हे स्वतः करून पाहिलं. मी जिथून डिग्री केली त्या कॉलेजच्या लायब्ररीत २००२-०३ च्या वार्षिक अंकाची सीडी होती. कव्हरवर मार्करने लिहिलेलं ‘फायनल, हाच घ्या’. आमच्या कुणाच्याच लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही, म्हणून एका फोटो स्टुडिओतून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मागून आणला. सीडी चालली, हेच आश्चर्य. आत पेजमेकरच्या फाइल्स. ते सॉफ्टवेअर बंद होऊन जमाना झाला. एका जुन्या डीटीपीवाल्या काकांकडे जुन्या मशीनवर ते निघालं, तर फॉन्ट नाही. पडद्यावर एका मुलीचं मनोगत होतं. मनोगत आहे हे मला फोटोवरून कळलं. मजकूर म्हणजे कंस, डॉलरची चिन्हं, उलटे प्रश्नचिन्ह. मग नेटवरचं एक मोफत कन्व्हर्टर लावलं. ऐंशी टक्के मराठी परत आलं, पण ‘दुसऱ्या’ आणि ‘वऱ्हाड’ यातला तो मराठीचा खास र कुठेच टिकला नाही. प्रत्येक ओळीत दोन-तीन भोकं. एक पान दुरुस्त करायला मला पाऊण तास लागला. त्या मुलीने ‘संगणक आल्यावर पत्रं लिहिणं थांबेल का’ या विषयावर लिहिलं होतं, बरं का.

सुदैवाने त्या अंकाची छापील प्रत कपाटात आहे. वाळवी लागलेली, पण वाचता येते. पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला ६ जानेवारी १८३२ च्या ‘दर्पण’वर आम्हाला हमखास प्रश्न यायचा. त्या ‘दर्पण’मधला मजकूर आज वाचता येतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या मराठी वेबसाइटबद्दल मात्र तशी खात्री देता येत नाही.

सगळंच बुडालं असं नाही. अमेरिकेतल्या मराठी माणसांनी १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू केलेलं ‘मायबोली’ आजही चालू आहे. १ मे २००३ ला सुरू झालेला मराठी विकिपीडियाही. दोन्ही ठिकाणी कुणीतरी वर्षानुवर्षं जबाबदारी घेतली, जुनं नव्यात आणत राहिलं. जपणं म्हणजे ठेवून देणं नाही, दर काही वर्षांनी उचलून दुसरीकडे नेणं, हे मला यावरून कळलं.

मग हे जपायचं कुणी?

सध्याचं उत्तर आहे, सॅन फ्रान्सिस्कोमधली एक धर्मादाय संस्था. इंटरनेट आर्काइव्ह १९९६ मध्ये सुरू झालं, त्यांचं ‘वेबॅक मशीन’ २००१ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. जुनी पानं तारखेनुसार बघता येतात, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी एक लाख कोटी पानांचा टप्पा गाठला. थक्क करणारं काम आहे. पण सगळ्या जगाची आठवण एकाच दुकानात ठेवण्यातला धोकाही दिसलाय. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यावर सायबर हल्ला झाला आणि साइट काही दिवस बंद होती. त्याआधी ऑगस्ट २०१७ मध्ये तर भारतात ती ब्लॉकच झाली होती. कारण काय, तर सिनेमाची पायरसी रोखण्यासाठी कोर्टाने दिलेल्या यादीत तिचं नाव होतं! ‘जब हॅरी मेट सेजल’ची चोरी थांबवायला भारताने काही काळ इंटरनेटची लायब्ररीच बंद केली.

आपल्याकडे १९५४ चा एक केंद्रीय कायदा आहे. प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी काही ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची, मुंबईची एशियाटिक त्यातलीच एक. पुढे त्यात वर्तमानपत्रं आली. तुमच्या गावातल्या कवीने स्वखर्चाने काढलेला संग्रहही नियमाने तिथे जायला हवा. पण कायदा छापलेल्याबद्दल बोलतो. वेबसाइट, ब्लॉग, फक्त नेटवर निघणारा दिवाळी अंक यांचं काय, यावर तो गप्प आहे. ब्रिटनने २०१३ पासून आपल्या राष्ट्रीय ग्रंथालयांना देशातल्या वेबसाइट्सच्या प्रती कायद्यानेच ठेवायला लावल्या. आपण अजून ‘अभिजात’ दर्जाचे सोहळे करतोय. दर्जा मिळाला हे छानच, पण त्या अभिजात भाषेतलं २००४ मधलं पान कुणाच्या जबाबदारीत येतं, हे कुठल्या मंत्र्याला विचारायचं तेही मला शोधून सापडलं नाही.

हा प्रश्न काका लोकांचा आहे असं समजू नका. आपलाही ऑर्कुट होऊन गेलाय. २९ जून २०२० ला सरकारने ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. बंदी बरोबर होती की नाही हा वेगळा वाद, इथे तो नको. पण आठवून बघा, तिथे काय होतं. शेतात उभं राहून अहिराणीत, वऱ्हाडीत, कोल्हापुरीत बोलणारी माणसं. टीव्हीवर ज्या बोलींना फक्त नोकर आणि हवालदाराच्या तोंडी जागा मिळते त्या बोली तिथे हिरो होत्या. दोन दिवसांत ते सगळं आपल्या डोळ्यांसमोरून गेलं. माझ्या मावसभावाचे तीनशेच्या वर व्हिडिओ होते. मूळ फाइल्स त्याने फोनमधून कधीच उडवल्या होत्या, ‘अ‍ॅपवर आहेतच की’ म्हणून. भाषेचा अभ्यास करणारं कुणी उद्या २०१९ मधली बोलीभाषा शोधायला गेलं तर हाती काय लागेल?

गूगलचंही नवं धोरण लक्षात ठेवा. दोन वर्षं न वापरलेली अकाउंट्स डिसेंबर २०२३ पासून उडवली जातायत, फोटो आणि मेलसकट. घरातल्या गेलेल्या माणसाचं अकाउंट असेल तर तारीख मोजा.

ज्याला काही करायचंय त्याच्यासाठी गोष्टी फार अवघड नाहीत. गूगल, इन्स्टा, फेसबुक, सगळीकडे आपला डेटा उतरवून घ्यायची सोय आहे. सेटिंग्जच्या पोटात खोल लपवलेली असते, पण आहे. वेबॅक मशीनवर कुठल्याही पानाचा पत्ता टाकून ‘सेव्ह’ म्हणता येतं, त्याला अर्धा मिनिट लागतो. कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सवाले आहेत, मराठी विभाग आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणं हा या दोघांनी मिळून करायचा एक झकास प्रोजेक्ट आहे, आणि ‘रेट्रो डे’ला सस्पेंडर घालून येण्यापेक्षा मला तो जास्त रेट्रो वाटतो. तुमच्या गावातला डीटीपीवाला काका अजून दुकान उघडत असेल तर आधी त्याच्याकडे जा. त्याच्या हार्ड डिस्कवर पंचवीस वर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका, दुष्काळाची निवेदनं, निवडणुकीची पत्रकं असतात. दुकान विकलं की ती भंगारात जाते. किलोवर.

आमच्या कॉलेजचं सांगायचं तर २००२-०३ च्या सीडीपेक्षा आता काळजी दुसऱ्याच अंकाची आहे, २०२०-२१ च्या. लॉकडाउनमध्ये छापणं शक्य नव्हतं म्हणून तो फक्त ऑनलाइन काढला होता. पान उलटल्याचा आवाज येणारं फ्लिपबुक, लिंक सगळ्या ग्रुप्सवर. त्यात मुलांनी गावी चालत गेलेल्यांबद्दल लिहिलं होतं, बंद एसटी स्टँडबद्दल, एका मुलाने आजीच्या शेवटच्या व्हिडिओ कॉलबद्दल. परवा लिंक उघडली तर ‘हे डोमेन विक्रीला आहे’. छापील प्रत नाही. संपादक असलेल्या ताईचा लॅपटॉप मधल्या काळात बदललाय. त्या बॅचच्या ग्रुपवर मेसेज टाकल्यावर एकाच्या फोनमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपच्या डॉक्युमेंट्समध्ये, पीडीएफचा कच्चा खर्डा निघाला. अंक ६८ पानांचा होता, खर्ड्यात ४१ आहेत. आजीवालं पान अजून मिळालेलं नाही. लिहिणारा मुलगा सध्या नाशिकला नोकरी करतो, रविवारी जुना फोन चार्ज करून बघतो म्हणालाय.